शिवलीला पहिल्या पंगतीला बसली

आमच्या घरची शेंगाचटणी खाऊन ज्यांनी ज्यांनी बोटं चाटली, त्यांनी खरं तर माझे आभार मानायला पाहिजेत. ती चटणी चांगली व्हायची ती माझ्या वागण्यामुळं.

सोलापूरची शेंगाचटणी मिक्सरमधून काढत नाहीत. काढतात काही जण, पण तिला आमच्याकडं चटणी म्हणत नाहीत, दाण्याचं कूट म्हणतात. भाजलेले दाणे उखळात घालायचे, लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट टाकायचं आणि तेल सुटेपर्यंत कुटायचं. तेल सुटायला हातात जोर लागतो आणि माझ्या बायकोच्या, शिवलीलाच्या, हातात जोर येतो तो रागानं. ती उखळ पुढं ओढून बसली की मी गपचूप आठवायला लागतो, सकाळपासून आपण काय काय केलं.

मी सात रस्त्याजवळच्या एका सरकारी कचेरीत कारकून आहे. शेजारच्या टेबलाला वैरागचा अभिमन्यू. दुपारी डबा उघडला की त्याचं बोट आधी माझ्या चटणीत. चव घ्यायचा आणि निदान सांगायचा.

"सिद्धूअण्णा, घरात लई शांतता दिसतीय. चटणी कोरडी हाय."

कधी बोटाला तेल लागायचं, मग म्हणायचा, "काय केलं वो काल? वहिनी चांगल्याच तापल्यात."

एकदा त्याच्याकडं पाव्हणे यायचे होते. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "बरणीभर चटणी पायजे. जरा भांडा की घरी."

दोस्तासाठी माणूस काय करत नाही? मी घरी गेलो, आंघोळ केली आणि ओला टॉवेल गादीवर टाकला. तेवढ्यानं काम होईना म्हणून वर तिच्या भावाबद्दल एक वाक्य बोललो. दुसऱ्या दिवशी बरणीच्या तोंडापर्यंत तेल आलं होतं.

हे सांगायचं कारण, बाईच्या मनात काय चाललंय ते मला तिच्या जेवणातून कळतं असा माझा समज होता. कचेरीत मी त्यावर भाषणं द्यायचो. शिवलीला रागात असली की जेवण फक्कड. खुशीत असली की भाकरी करपलेली, कारण खुशीत ती बहिणीला फोन लावते, फोन खांद्यात धरून कानडीत बोलत बसते आणि तव्यावरचं तव्यावर राहतं. तिचे वडील गेले तेव्हा बरेच दिवस आमच्या घरात कशालाच मीठ नव्हतं. मी एरवी मिठावरून ताट सरकवणारा माणूस, पण तेव्हा वरून मीठ घेऊन गप खाल्लं. तेवढी अक्कल मला आहे. त्याच्यापुढची नाही, ते आता सांगतो.

शिवलीला इंडी तालुक्यातली, कर्नाटकातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. आमच्या घरात ती सगळ्यात आधी जे मराठी शब्द शिकली ते म्हणजे आण, वाढ, थांब आणि उचल. ते शिकवायला मास्तर लागला नाही. पुढं ती आमची बोली अशी बोलायला लागली की कचेरीतल्या बायका "तुमच्या मिसेस गावाकडच्या का?" असं जरा नाक वर करून विचारायच्या. मी म्हणायचो, "व्हय, गावाकडच्याच. मी बी तिकडचाच. हितं पगाराला येतो." बोलीचा मला अभिमान आहे. बायकोचाही आहे, पण तो मी बाहेर बोलून दाखवतो, घरात नाही. घरात दाखवला तर चटणी कोरडी होईल.

आमचं गाव अक्कलकोट तालुक्यात. नाव सांगत नाही, गाववाले वाचतील. शेत थोरला भाऊ चन्नप्पा, म्हणजे आमचे अण्णा, बघतात. आम्ही जातो ते मार्गशीर्षातल्या अवसेला, येळवशीला. त्या दिवशी आमच्या भागात घरात कुणी जेवत नाही. सगळं शिवार माणसांनी भरतं. ज्वारीच्या रानात कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे. ते पांडव. त्यांना भज्जीचा, आंबिलीचा, बाजरीच्या उंड्यांचा, शेंगापोळीचा निवद दाखवायचा आणि मग दिसेल त्या माणसाला ओढून आणून जेवायला बसवायचं. ज्याला शेत नाही त्यालाही त्या दिवशी शेत असतं.

आता भज्जी म्हटल्यावर परगावच्या माणसाच्या डोळ्यापुढं तळलेली कांदाभजी येतात. ती ही नव्हे. तुरीचे, वाटाण्याचे, पावट्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे उकडायचे, त्यात मेथी, चुका, कांद्याची पात, सापडेल तो पाला घालायचा, चिंच सोडायची, बेसन लावायचं, वर लसूण-मिरचीचा ठसका. भलं मोठं पातेलं चुलवणावर रटरटत असतं. ह्या भज्जीचा एक कडक नियम आहे. निवद दाखवायच्या आधी ती चाखायची नाही. बोट लावायचं नाही, पळीवरून जीभ फिरवायची नाही. आमची आई तर वास घेतला तरी पाठीत घालायची. म्हणजे शेकडो माणसांचं जेवण चव न बघता करायचं. त्याला हात पाहिजे. शिवलीलाला तो आहे. मीठ मुठीनं टाकते, टाकताना भांड्याकडं बघतसुद्धा नाही, आणि बाजूच्या शेतातली माणसं स्वतःची भज्जी सोडून आमच्याकडं येतात.

तर दिवाळी झाली आणि एके दिवशी भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "यंदा येळवशीला मी पहिल्या पंगतीला बसणार."

"बस की."

"गरम भज्जी खाणार."

"खा की."

"मधी उठणार न्हाय. कुणाला काय लागलं तर तुमी बघायचं."

"बघतो की. त्यात काय?"

भाकरी तव्यावर टाकून तिनं हात झटकले. "इतकी वर्षं करते, पण गरम कधी खाल्ली न्हाय. शेवटच्या पंगतीला बसायचं आन गार झालेलं खरवडून खायचं. चांगली असती म्हणून लोकं सांगत्यात."

मी मान हलवली. तीन वेळा 'की' म्हणालो होतो, तिन्ही फुकट दिले होते. फुकटातलं आपण विसरतो, तसा मीही विसरलो.

आता माझ्या तोंडाला एक खोड आहे. समोर माणूस दिसला की त्यातून 'या जेवायला' निघतं. अभिमन्यूला बोलावलं, बायकोसकट. आमचे नवे साहेब नाशिकचे. त्यांनी येळवस बघितलेली नाही हे कळल्यावर मला त्यांची दया आली, त्यांना बोलावलं. चहाच्या गाड्यावरच्या माणसाला बोलावलं. दाढी करणाऱ्याला दाढी करता करता बोलावलं, वस्तरा गळ्यावर असताना माणूस जरा जास्तच मायाळू होतो. स्कूटर दुरुस्त करणाऱ्या धुळाला तर बिल देताना बोलावलं, म्हणजे काही कमी करेल म्हणून. त्यानं काही कमी केलं नाही, पण आमंत्रण घेतलं.

आणि तोच धुळा एका संध्याकाळी दारात. मी आत पेपर वाचत होतो.

"वैनी, येळवशीला कवा निघायचं म्हणत्यात सिद्धूअण्णा?"

"कोण कोण येताय?" शिवलीलानं विचारलं.

"मी, बायकू, आन मेव्हणा आलाय सांगोल्याचा. त्याची पोरं हायत. आन चहावाला म्हणत हुता आपण समदे एकाच टेम्पूनं जाऊ."

"टेम्पू," शिवलीला म्हणाली.

"व्हय. दाढीवाला बी हाय की. आन सायेब त्यांच्या गाडीनं येणार म्हणं."

तिनं दार हळू लावलं. जोरात आपटलं असतं तर मी सावध झालो असतो. रात्रीचं जेवण काय सांगू! वरण मापात, भात मोकळा, भाकरीला कागदासारखा पापुद्रा. मी बोटं चाटत म्हणालो, "आज तर लई भारी झालंय."

स्वतःचाच सिद्धांत मी विसरलो होतो. रागात असली की फक्कड.

"माणसं तुमी बोलवलीसा," ती म्हणाली. "भज्जी तुमी करायची. मी पहिल्या पंगतीला पाव्हणी."

खरं तर इथं पाय धरायचे होते. पण तोंडाची दुसरी खोड आड आली. "करतो की!" मी म्हणालो. "भज्जी म्हंजे काय, पाला शिजवायचा. त्यात काय अवघड हाय?"

हा चौथा 'की'. त्यानंतर शिवलीला माझ्याशी बोलायची बंद झाली.

आमच्याकडचा अबोला म्हणजे शांतता नव्हे. उलट घरात जास्तच बोलणं होतं, फक्त ते माझ्याशी नसतं. ती गावाकडं यशोदावहिनींना, अण्णांच्या बायकोला, फोन लावायची आणि माझ्या शेजारी उभं राहून मोठ्यानं बोलायची. "अक्का, ज्यास्नी भज्जी करायची हाय त्यास्नी सांगा, शेंगा आदल्या दिवशी सोलाव्या लागत्यात." तिकडून वहिनी मला फोन लावायच्या, "भाऊजी, शेंगा आदल्या दिवशी सोलाव्या लागत्यात म्हणं." मी म्हणायचो, "सांगा तिला, माहीत हाय मला." आणि हे तिघांचं बोलणं एका खोलीत चालायचं.

कचेरीत मात्र मी छाती काढून फिरत होतो. यंदा भज्जी माझ्या हातची. अभिमन्यू माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "मी घरनं खाऊन येऊ का?"

येळवशीच्या दिवशी सकाळी शेतात गेलो. ज्वारी निसवली होती, गार वारा सुटला होता. शिवलीला इरकल नेसून आलेली, केसात अबोली, हातात काही नाही. नाही म्हणजे नाहीच, विळीसुद्धा नाही. लिंबाच्या झाडाखाली पटकूर टाकून बसली. पण बाईला बसता येत नव्हतं. सारखी पदर सारखा करायची, लांबून चुलवणाकडं बघायची आणि मी तिच्याकडं बघितलं की आभाळाकडं बघायची.

मी चुलवण पेटवलं. म्हणजे पेटवायला लागलो. धूर असा झाला की पलीकडच्या रानातून कुणीतरी ओरडलं, "कडबा पेटला का काय रं?" अण्णांनी येऊन दोन काटक्या इकडच्या तिकडं केल्या आणि जाळ लागला. माझ्या डोळ्यातून पाणी, मिशीला झळ. दाणे शिजले, पाला टाकला, चिंच सोडली. बेसन कालवून ओतलं तर त्याच्या गोट्या झाल्या. मी पळीनं त्या एकेक चिरडत बसलो, ढेकळं फोडल्यासारखा.

मग आलं मीठ.

"वहिनी, मीठ किती?"

यशोदावहिनी उंडे वळत होत्या. "एवढ्या पातेल्याला? वंजळभर असंल. शिवलीला तर बघत बी न्हाय, टाकती आन मोकळी हुती."

मीही तसंच करायचं ठरवलं. ओंजळ भरली, मान तिकडं वळवली, टाकलं. अर्धं जाळात पडून तडतडलं असं वाटलं, पण ते वाटणंच होतं. मीठ पातेल्यातच गेलं होतं, तडतडली ती माझ्या हातावरची केसं.

तेवढ्यात अभिमन्यूचा फोन. "सिद्धूअण्णा, मी फाट्यावरनं चुकीच्या रानात शिरलोय. हितल्या लोकांनी बसवलंय मला. आंबील पाजत्यात. मी दुसरीकडं जायचं म्हणतो तर म्हणत्यात, आधी जेवा, मग जावा. सोडंनात वो!"

येळवशीला असंच असतं, चुकून पाय टाकला तरी जेवल्याशिवाय सुटका नाही. आमचा पाव्हणा दुसऱ्याच्या पंगतीला जातोय म्हटल्यावर मी पळी तशीच टाकली आणि अण्णांची मोटरसायकल काढून निघालो. त्याला आणि त्याच्या बायकोला, वैजयंतीवहिनींना, त्या लोकांच्या तावडीतून सोडवायला जरा वेळ लागला. सोडवायला मलाही एक तांब्या आंबील प्यावी लागली.

परत आलो तर सगळी मंडळी जमलेली. टेम्पो आलेला, साहेबांची गाडी आलेली. साहेब पँट वर खोचून ज्वारीच्या कणसाचे फोटो काढत होते. अण्णांनी पांडवांना निवद दाखवला, आम्ही आंबील शिंपडत रानाला फेरी घातली. पाच पांडवांनी काही तक्रार केली नाही. ते दगडाचे आहेत.

पहिली पंगत बसली. साहेब, अभिमन्यू, वैजयंतीवहिनी, धुळा, त्याचा सांगोल्याचा मेव्हणा, चहावाला, दाढीवाला आणि मध्यभागी शिवलीला. आमच्या रानात घरची बाई पहिल्या पंगतीला बसलेली शेजारच्या शेतातल्या बायका बांधावर येऊन बघत होत्या. एक म्हणाली, "शिवक्का, बरं न्हाय का तुला?"

"बरं हाय की," शिवलीला म्हणाली. "जेवाय बसलीय."

मी वाढायला लागलो. वाफाळलेली भज्जी पत्रावळीवर पडत गेली. शिवलीलाच्या पत्रावळीवर मी दोन पळ्या वाढल्या आणि पुढं सरकलो.

पहिला घास साहेबांनी घेतला. ते थांबले. भांडंभर आंबील प्यायले. मग म्हणाले, "छान आहे. वेगळीच चव आहे."

अभिमन्यूनं घास घेतला आणि माझ्याकडं बघितलं. तसं तो साहेबांच्या समोर फाईल हरवल्यावर बघतो. "एक नंबर," म्हणाला आणि आंबिलीकडं हात केला.

ओळीनं सगळी आंबिलीवर तुटून पडली. धुळाच्या मेव्हण्यानं तर मडकंच जवळ ओढलं. मला वाटलं, भज्जी झणझणीत झालीय, म्हणून माणसं आंबील पितायत. माझा ऊर भरून आला. मी आग्रह सुरू केला.

"साहेब, घ्या की. लाजू नका."

"नको, नको, पुष्कळ झालं."

"कुटं पुष्कळ? अजून काय खाल्लंय तुमी?" मी साहेबांच्या हातावरून भज्जी ओतली. हात त्यांनी पत्रावळीवर आडवा धरला होता, तो भाजला. चहावाला कमरेतून वाकून पत्रावळीवर पाखर घालून बसला. त्याच्या कोपराखालून मी वाढली. दाढीवाला हात जोडून "साकु, साकु" म्हणायला लागला. कानडीत साकु म्हणजे पुरे. त्याला कानडी येत नाही, घाबरून आलं असणार. मी त्यालाही वाढली. माणसं माझ्या भज्जीत बुडाली पाहिजेत असं माझं झालं होतं.

असा वाढत वाढत शिवलीलापाशी आलो. तिच्या पत्रावळीवरच्या भज्जीतून एकच घास कमी झालेला. ती माझ्याकडं बघत होती. कितीतरी दिवसांनी तिनं माझ्याकडं थेट बघितलं आणि कितीतरी दिवसांनी बोलली.

"मीठ किती टाकलंसा?"

"वंजळभर."

"खरंच टाकलंसा?"

"म्हंजे? टाकलं की!"

तिनं डोळे मिटले. "मी बी टाकलं."

"तू?"

"तुमी फोनवर बोलत पळालासा. म्हणलं, ह्यास्नी मीठ कुटं आठवायलंय. कुणाचं लक्ष न्हाय बघून आले आन टाकलं."

मागून यशोदावहिनींच्या हातातला उंडा खाली पडला. "अगं बया! मला सांगायचं न्हाय का? मी बी टाकलं की! भाऊजीस्नी किती ते सांगितलं, पर टाकताना बघितलं न्हवतं."

सगळी अण्णांकडं बघायला लागली. अण्णा बांधावरच्या बाभळीकडं बघायला लागले.

"अण्णा?" मी म्हणालो.

"जरासं," अण्णा म्हणाले. "चिमूटभर."

आता अण्णांची चिमूट म्हणजे काय, ते ज्यांनी अण्णांचा पंजा बघितलाय त्यांनाच कळेल. त्यांच्या चिमटीत बैलाची शेपटी मावते.

"तुमी का टाकलंसा?"

"तू करायलास म्हटल्यावर काळजी वाटली रं, सिद्ध्या."

म्हणजे मी सोडून त्या रानात प्रत्येकाला खात्री होती की मी मीठ टाकलेलं नाही. चाखायची तर कुणालाच मुभा नाही. म्हणून ज्याला माझी जेवढी काळजी, तेवढं त्यानं मीठ टाकलेलं. आयुष्यात माझी इतकी काळजी कधी कुणी केली नव्हती.

"धुळा," मला शंका आली, "तू तर न्हाय ना टाकलंस?"

"न्हाय सिद्धूअण्णा. मला मीठ घावलंच न्हाय. समदं संपलं हुतं."

पंगत खळाळून हसली. साहेब पोटावर हात धरून हसले. पण हसून भज्जी गोड होत नाही. मागं दुसरी पंगत उभी, बांधावर बायका उभ्या, पातेलं काठोकाठ आणि आत समुद्र.

"ऊठ गं शिवलीला," वहिनी म्हणाल्या. "तुझ्याशिवाय न्हाय सावरायचं हे."

बांधावरूनही आलं, "शिवक्का, ऊठ की. मानसं खोळंबल्यात."

शिवलीलाचा एक हात जमिनीला टेकला, गुडघा वर झाला. पदर तिनं कमरेला खोचायला घेतलाच. इतकी वर्षं जे अंग एका हाकेला उठत आलंय, ते तिला न विचारताच उठायला लागलं होतं. मी तोंड उघडलं होतं. 'ऊठ की' म्हणायलाच उघडलं होतं, खोटं कशाला सांगू. पण त्याआधी माझ्या लक्षात आलं, की मी ते म्हणालो तर पुढं आमच्या घरातल्या उखळातला दाणा नुसता तेल सोडणार नाही, उखळच फुटेल. मी तोंड मिटलं.

ती तशीच क्षणभर थांबली. मग पदर सोडला, मांडी पुन्हा घातली आणि टेकून बसली.

"मी उठणार न्हाय," ती म्हणाली. "सांगते. तुमी करा."

आणि मग त्या बाईनं बसल्या जागेवरून मला असं राबवलं, की आमच्या साहेबांनी तिथंच काहीतरी शिकून घेतलं असणार. कचेरीत हल्ली ते तसंच बोलतात.

"आधी अर्धी भज्जी काढा दुसऱ्या पातेल्यात. अर्धी! डाव भरून नव्हं, वाकवा पातेलं. अण्णा, धरा तिकडनं. अक्का, त्या पाटीतले दाणे टाका."

पाटी फडक्याखाली झाकलेली होती. सोललेले दाणे, उकडून तयार. मला पत्ता नव्हता.

"हे कुटनं आले?" मी विचारलं.

"तुमी माणसं किती बोलावलीसा ते मला ठाऊक हुतं की. पुरणार न्हाय म्हणून रातीच जादा उकडून ठिवले हुते. हलवा आता. पळी बुडाला लावा. बुडाला! वरवर फिरवू नका, तुमच्या कचेरीतल्या पंख्यागत."

मी पळी बुडाला लावली. दोन्ही पातेल्यांत पाणी, दाणे, पाला. बेसन कालवताना ती म्हणाली, "आधी थोडं पाणी, मग घोटा, मग बाकीचं. गोट्या कशा हुत्यात ते आता बघा." झाल्या नाहीत. चिंच सोडली. बिनमिठाचे उंडे कुस्करून टाकले. डोळ्यातून धार, पाठीवरून घाम, शर्टाला बेसन. अण्णा एका पातेल्यावर, मी दुसऱ्यावर, वहिनी दोन्हींच्या मध्ये, आणि मिठाची रिकामी पुडी धुळाच्या ताब्यात, कुणाला भरू द्यायची नाही ह्या अटीवर.

तोवर पंगत तशीच बसून. शिवलीला त्यांना शेंगापोळी आणि आंबिलीवर धरून ठेवत होती आणि माझ्याबद्दल सांगत होती. काय काय सांगितलं ते मी इथं लिहीत नाही, ज्याला पाहिजे त्यानं वैजयंतीवहिनींना विचारावं, त्या अजून सांगतात. मला फक्त हसण्याचे लोट ऐकू येत होते आणि मधून "पळी!" अशी आरोळी. एकदा मागं वळून बघितलं तर ती वैजयंतीवहिनींच्या हातावर टाळी देऊन हसत होती. तिला बसता यायला लागलं होतं.

ह्यावेळी मला चाखायची परवानगी होती, निवद होऊन गेला होता. मी पळीवरून चाटून बघितलं. काहीच कळलं नाही. जिभेला अजून धूरच लागत होता. माझ्या मनःस्थितीत म्हणाल तर भीती सोडून दुसरं काही नव्हतं, तेव्हा भज्जीत जे काही उतरलं असेल ते तेच.

नव्या पत्रावळी मांडल्या. मी वाढली, ह्यावेळी आग्रह न करता. साहेबांनी आधी बोटभर चव घेतली, मग हात आडवा धरायचं सोडून पत्रावळ पुढं केली. अभिमन्यूनं मान डोलावली, खरी. भज्जी पातळ झाली होती, अजून जरा खारटच, पण खाण्यासारखी. आणि मिठाच्या पायी ती दुप्पट झाल्यामुळं टेम्पोतली, गाडीतली, बांधावरची, रस्त्यानं चाललेली, सगळी जेवतील एवढी झाली. ह्याचं श्रेय मी घ्यायला बघितलं, पण कुणी दिलं नाही.

शिवलीला जेवत होती. बाकीची पहिली पंगत उठली, हात धुतले, पान खायला लागली. ती बसूनच. उंडा मोडायची, भज्जीत बुडवायची, फुंकर घालायची आणि खायची. दुसरी पंगत रिकाम्या पत्रावळी घेऊन तिच्या कडेनं बसायला लागली, तरी तिनं मान वर केली नाही. कुणीतरी पाणी मागितलं. तिचा हात जागचा हलला नाही. पाणी मी दिलं. कुणीतरी मिरची मागितली, तीही मी दिली.

शेवटी माझ्याच्यानं राहवेना. पळी घेऊन तिच्यापुढं उकिडवा बसलो.

"कशी झालीय?"

तिनं घास चावून चावून गिळला.

"गरम हाय," ती म्हणाली. "वाढा अजून."